थंड खोलीतल्या गोनी

मालगुंड, २४ फेब्रुवारी २०२५

दादा,

साष्टांग नमस्कार लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं दादा. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदाला मध्येच गप्प करता येत नाही, म्हणून हे पत्र तुझ्या मासळीच्या टेम्पोतून, टेम्पो चालवणाऱ्या संदेशच्या हाती पाठवते आहे. भाऊच्या धक्क्यावरचा लिलाव आटोपला की चहा पिता पिता वाच. फाडायचं असेल तर पुरं वाचून फाड.

सगुणाकाकीचे माड करपले. खालच्या झावळ्या जळाल्यासारख्या तांबूस झाल्या आहेत आणि ते लोण वर चढतं आहे. काळ्या डोक्याच्या अळीनं पानांतला हिरवा गर खरवडून खाल्ला. काकीनं मला बाजारात गाठलं आणि चारचौघांत विचारलं, "काय गो नम्रता, तुज्या गोनी मध खाऊन निजल्यात काय?" मला काहीच कळेना, कारण मी काकीला या वर्षी एकही डबी दिली नव्हती. तिच्या घरी जाऊन पाहिलं तर पडवीत तुझ्या कारखान्यातून विकत आणलेल्या डब्यांतली एक उरली होती आणि डबीवर माझं नाव होतं.

आता तू हे पुन्हा एकदा ऐक, कारण मी आजवर दहादा सांगितलं आणि दहादा तू मोबाइल बघत होतास. गोनीचं पुस्तकी नाव गोनिओझस. वाडीतल्या बायकांनी तिची गोनी केली. मुंगीएवढी काळी गांधीलमाशी, माणसाच्या वाटेला न जाणारी. माडाच्या पानाखाली जाळी करून बसलेली अळी ती वासावरून हुडकते, डंख मारून लुळी करते, तिच्या अंगावर अंडी घालते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत शेजारी राखण करत बसते. पिल्लं त्या अळीवर जगतात. या एवढ्या कामासाठी लोक आपल्याकडून डब्या नेतात. डबीत जीव असतो म्हणून नेत नाहीत, तो जीव काम करतो म्हणून नेतात.

मार्गशीर्षात मी दापोलीला प्रशिक्षणाला गेले होते. परत आले तेव्हा मासेमारीच्या जाळ्यांच्या खोलीत मी वाढवलेले गोनींच्या कोषांचे सगळे ट्रे गायब. तू म्हणालास, बागायतदार संघानं नेले, सोडूनही झाल्या. मी खूश झाले, वेडी! ट्रे तर बर्फाच्या कारखान्यात होते, तुझ्या थंड खोलीत, सुरमईच्या शेजारी. चार दिवस थंडीत ठेवलं तर चालतं, हे मीच तुला सांगितलं होतं. चार दिवसांचा तू शिमगा गाठायला निघालास.

म्हणे मासळीइतकं गार नव्हतं, काटा दहावर होता. बरोबर आहे, म्हणून तर त्या मेल्या नाहीत. मेल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान डबी उघडणाऱ्याला दिसलं असतं. काकीकडची डबी मी घरी आणली. गोनी कोषातून बाहेर आल्या, पंख झाडले, मध चाटला, मिशा साफ केल्या. मग मी अळी ठेवली. एकीनं तिला मिशीनं हात लावल्यासारखं केलं आणि निघून गेली. दुसरी तिच्या अंगावरून चालत गेली, जशी आपण दारातल्या पायपुसण्यावरून जातो. एकीनं डंख मारला, अंडी घातली, आणि राखणीला बसायचं सोडून काचेवर फिरत राहिली. अंडी वाळून गेली. मी आजवर हजारो गोनी पाहिल्या, पण अंड्यांजवळून उठून गेलेली एकही पाहिली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

शिमग्यानंतर संघाची सभा आहे. तिथून तुझ्या उरलेल्या डब्या मालगुंडापासून आंजर्ल्यापर्यंत वाटल्या जाणार, आणि 'माल माझ्या हातचा आहे, चांगला आहे' असं मी उभी राहून सांगावं अशी तुझी अपेक्षा आहे. मी सांगणार नाही. आजच लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी तोंडघशी पाडलंस असं म्हणू नकोस. डब्या बाहेर काढ आणि टाकून दे. मला पावसाळ्यापर्यंतचा वेळ दे, मी तेवढ्याच ताज्या करून देते.

नम्रता

मालगुंड, ५ मार्च

दादा,

गावात येऊन गेलास आणि मला भेटला नाहीस. हे मला घरातल्या कुणी सांगितलं नाही, तेव्हा घरातल्या कुणावर डोळे वटारू नकोस. सकाळी देवळात कौल लावला आणि दुपारच्या आत परत गाडीत बसलास, हे अख्ख्या गावानं पाहिलं.

देवीला फुलं लावून गुरवानं गाऱ्हाणं घातलं म्हणे, "दीपेशच्या घरच्या गोनी जित्या हायत काय, तर उजवा दे गो माये." फूल उजवीकडचं पडलं. झालं! आता जो तो मला सांगतो आहे की देवीनं उजवा दिला, तू कोण मोठी लागून गेलीस?

मी देवीच्या विरोधात नाही. देवीनं अगदी खरं सांगितलं. जित्या आहेतच. तू प्रश्नच असा विचारलास की ज्याचं उत्तर मलाही ठाऊक होतं. 'या गोनी अळी मारतील काय' असा कौल लावायची तुझी छाती झाली नाही. का झाली नाही, ते तू जाण आणि देवी जाणे.

खरं सांगू? तुझी चूक कुठे झाली ते मला कळतं. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच पारख. बांगड्याचा डोळा स्वच्छ आहे, कल्ला लाल आहे, की माल चांगला, घाल बर्फात. बर्फ जितका जास्त तितका माल टिकतो. पण बांगड्याला त्यानंतर काही काम करायचं नसतं, दादा. गोनीला माडावर चढायचं असतं.

आणखी एक गंमत ऐक. थंडीतून निघालेल्या नरांना माद्यांकडे बघायचंही सुचत नाही. नराशिवाय मादीनं अंडी घातली तर त्यातून निघतात ते सगळे मुलगे. आणि गोनींत डंख मारायचं काम मुलीच करतात. म्हणजे तुझ्या थंड खोलीतून पुढच्या पिढीला नुसते वंशाचे दिवे! आपली आत्या असती तर तिनं गावभर पेढे वाटले असते. माडांनी मात्र काय करायचं ते सांग.

तुझा निरोप संदेशनं मान खाली घालून दिला. सभेत बोलणार नसशील तर जाळ्यांची खोली रिकामी कर, असा. घर तुझ्या नावावर आहे, हे मला माहीत आहे. मी त्या खोलीत जाळ्यांना लागलेली खपली घासून काढली, भिंती सारवल्या, तांदळातल्या अळ्या वाढवायला भरड्याचे डबे लावले, आणि तिथेच बसून या गोनींवर जीव लावायला शिकले. ती खोली तू मागितलीस तर देईन. जीभ मागितलीस तर नाही.

आईबाबांनी माझं नाव नम्रता ठेवलं, ही त्यांची आशा होती. ती फोल गेली, त्याला मी काय करू?

नम्रता

मालगुंड, १२ मार्च

दादा,

कुलूप पाहिलं. नवीन आहे, पितळेचं, चांगलं जड आहे. उद्या होळी, आणि आज सकाळी तुझा कारखान्यातला माणूस ते लावून गेला. आत जिवंत गोनी होत्या, ताज्या, अळ्यांवर बसलेल्या. दोन दिवस कुणी मध घातला नसता तर उपाशी मेल्या असत्या. तुला हे ठाऊक नव्हतं असं मी धरून चालते, कारण ठाऊक असून तू असं केलंस असं मानलं तर मला हे पत्र लिहिता येणार नाही.

ट्रे बाहेर आले आहेत. कुलूप शाबूत आहे, मी त्याला हात लावलेला नाही. त्या खोलीला स्वयंपाकघराच्या बाजूनं दुसरं दार आहे आणि त्याची कडी स्वयंपाकघरातून निघते. ती कुणी काढली ते मी सांगणार नाही. ज्या कुणी काढली तिनं एकेक ट्रे माझ्या हातात देताना तोंडातून शब्द काढला नाही, एवढंच सांगते. भाविका वहिनीला विचारायला जाशील तर ती म्हणेल मी भाकऱ्या थापत होते. आणि ती थापत होतीच.

ट्रे घेऊन मी रस्त्यावर उभी राहिले तेव्हा कुठे जायचं ते मला कळत नव्हतं. डोळ्यांत पाणी नव्हतं, ऊन होतं. सगुणाकाकी समोरून आली. जिचे माड माझं नाव असलेल्या डब्यांनी घालवले, ती! मला वाटलं आता उरलेल्या शिव्या मिळणार.

"कुठं निघालीस गो ह्या ताटल्या घेऊन?"

"ठाऊक नाही, काकी."

तिनं ट्रेवरचं फडकं उचलून पाहिलं. मी तिला दाखवलं, ही बघ अळी लुळी पडली आहे, ही तिच्यावर अंडी, आणि ही बाजूला बसली आहे ती आई. काकीनं बोट जवळ नेलं. गोनी पळाली नाही. मिशा रोखून तिथेच उभी राहिली.

"ही हलत कशी नाय?"

"पोरं सोडून जायची नाही ती."

"आणि माज्याकडं आलेल्या?"

"त्या गेल्या असत्या."

काकीनं फडकं परत ट्रेवर सारखं केलं. मग म्हणाली, "मी तुला शिव्या दिल्या त्या काय मी मागं घेत नाय. डबीवर नाव तुजं होतं. पण माज्या पडवीत जागा हाय. तिथं वाढव, माज्या डोळ्यासमोर. खोट्या निघाल्या तर तुला आणि त्यांना एकदमच बाहेर काढीन."

तर माझा पत्ता आता सगुणाकाकीची पडवी. पडवी आपल्या खोलीपेक्षा हवेशीर आहे. काकी रात्री घोरते, पण गोनींना त्याचा त्रास होत नाही.

ज्या दादानं बाबांशी भांडून मला रत्नागिरीला कॉलेजात घातलं, तो दादा आणि हे कुलूप लावणारा माणूस एकच आहे, हे मला पटवून घेता येत नाही. मला तुझा भयंकर राग आला आहे. सभेला मी येणार. गप्प बसायला नाही.

नम्रता

मालगुंड, २२ मार्च

दादा,

तू मधूनच उठून गेलास, म्हणून पुढचं लिहिते. तू होतास तोवरचंही लिहिते, कारण तू पूर्ण वेळ छताकडे बघत होतास.

अध्यक्षांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं मी भाषण करणार. मी दोन काचेच्या बरण्या टेबलावर ठेवल्या. दोन्हींत माडाच्या पानाचा तुकडा आणि जाळीत बसलेली एकेक अळी. एकीत काकीच्या पडवीतली गोनी सोडली. दुसरीत तुझ्या थंड खोलीतली, तुझ्याच डबीतून, तुझ्याच माणसासमोर काढलेली. मी म्हटलं, मला काही सांगायचं नाही, तुम्हीच बघा. आणि खाली बसले.

मग अध्यक्ष बोलायला उभे राहिले, कारण बरण्यांकडे नुसतं बघत बसणं त्यांना पदाला शोभेना. नारळाच्या भवितव्यावर त्यांनी जे सुरू केलं ते तुला ठाऊकच आहे. पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. पुढच्या रांगेतली माणसं टेबलाला येऊन भिडली होती. ताजी गोनी जाळीत शिरली, अळी वळवळली, आणि भाषण कोकणच्या विकासापर्यंत पोचायच्या आत लुळी पडली. "मारली रं!" असं कुणीतरी ओरडलं, जसं काही नमनाच्या खेळात राक्षस पडला. दुसऱ्या बरणीतली गोनी तोवर काचेला पाठ टेकून मिशा पुसत होती. अळी शेजारी पान खात होती. दोघी शेजारणींसारख्या नांदत होत्या.

तेव्हा तू उठून म्हणालास, "पण जिवंत तर आहे ना? देवीनंही तेच सांगितलं."

त्यावर सगुणाकाकी मागच्या रांगेतून उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय नाही, ती तिच्या घरी बोलते तशीच बोलली.

"जिता तर माजा घोवही व्हता वो दीपेश. पण माडावर कोण चढला?"

सगळी सभा हसली. मीही हसले. हे मी लपवणार नाही, पोट धरून हसले. तू गेलास तेव्हा मात्र माझं हसू थांबलं. तुझी पाठ मी लहानपणापासून ओळखते, होडी ओढताना वाकलेली, बाबांना खांदा देताना ताठ. अशी मी ती कधी पाहिली नव्हती. पण मी मागे धावले नाही. धावले असते तर तुला वाटलं असतं की मी माफी मागायला आले.

तू गेल्यावर ठरलं ते असं. थंड खोलीतली एकही डबी वाटायची नाही. संघ पावसाळ्यापर्यंत थांबणार. तोवर काकीच्या पडवीतून जेवढ्या निघतील तेवढ्या ज्यांच्या माडांना सर्वांत जास्त अळी लागली आहे त्यांना आधी. आपण मासळीचा वाटा घालतो तसंच, ज्याची गरज जास्त त्याला पहिला. वाडीतल्या दोन बायका माझ्याकडे शिकायला येऊ लागल्या आहेत, दिशा आणि जनी. जनीला गोनी हातावर चढली की गुदगुल्या होतात आणि ती ट्रे टाकून देते, पण शिकेल.

तुझं नुकसान झालं, हे मला कळतं. गावात तुझं हसं झालं, हेही कळतं. माझ्या नावावर तू जे खपवत होतास ते खपलं असतं तर या किनाऱ्यावरचे माड गेले असते आणि हसं माझं झालं असतं. दोन्हींतलं एक निवडायचं होतं आणि ते निवडायची वेळ माझ्यावर तू आणलीस. मला पश्चात्ताप नाही. उद्या पुन्हा सभा भरली तर पुन्हा बरण्या ठेवीन.

नम्रता

मालगुंड, ६ एप्रिल

दादा,

पाडवा झाला. घरून पुरणपोळ्यांचा डबा आला होता. कुणी पाठवला ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस.

परवा संदेश पडवीत आला. माझी पत्रं नेतो म्हणून त्याच्याशी माझं बरं आहे, काकीनं त्याला ताकही दिलं. म्हणाला, ताई, गोनीच्या चार डब्या पाहिजेत.

"कुणाला?"

"आंजर्ल्याची पार्टी हाय. मोठे बागायतदार."

आंजर्लं राहिलं दापोलीच्या कडेला आणि संदेशचा टेम्पो महामार्गानं थेट मुंबईला जातो.  थंड खोलीतल्या थोड्या उरल्या आहेत, त्या चालतील का, असं उगाच विचारून पाहिलं. बिचारा दचकला.

"नको नको. ताज्याच पायजेत. फ्रीजमधली एकपण नको, शेठनी बजावून सांगितलंय."

"कुठल्या शेठनी, संदेश?"

ताकाचा पेला त्याच्या हातात तसाच राहिला. काकी दळण निवडायची थांबली. मग तो इतक्या हळू आवाजात म्हणाला की मला पुढे वाकावं लागलं, "ताई, माझी नोकरी हाय गो."

मी त्याला आणखी छळलं नाही. माझ्या ध्यानात आलं, गणपतीपुळ्याच्या रस्त्याला, होम-स्टेसाठी तू गेल्या वर्षी घेतलेलं आगर. त्या माडांना अळी लागली आहे हे गावात कुणालाच ठाऊक नाही, कारण तू गेटवर माणूस बसवला आहेस. पर्यटकांना करपलेले माड कोण दाखवणार?

मला सर्वांत आधी हसू आलं. मग अंगाचा तिळपापड झाला. लोकांच्या माडांवर सोडायला थंड खोलीतल्या चांगल्या, देवीनं उजवा दिलेल्या. स्वतःच्या माडांवर सोडायला मात्र माझ्या. म्हणजे तुला ठाऊक होतं. सभेत उभा राहून 'जिवंत तर आहे ना' म्हणालास तेव्हाही तुला ठाऊक होतं. मी इतके दिवस स्वतःला समजावत होते की माझ्या भावाला कळत नाही, मासळीच्या घरातला माणूस, थंडीवर विश्वास ठेवणारच. तुझी बाजू मी माझ्याच मनात लढवत होते. आता ती लढवायचं कारण उरलं नाही.

संदेशला मी डब्या दिल्या नाहीत. त्याला सांगितलं, शेठना निरोप दे, गोनी पोचतील.

काल सकाळी, बाजाराच्या वेळेला, मी, काकी, दिशा आणि जनी चौघी डब्या घेऊन तुझ्या आगराकडे निघालो. रस्त्यात जो भेटेल तो विचारायचा, कुठं निघालात? मी सांगायचे, गोनी सोडायला. कुणाच्या माडांवर? दादाच्या. आणि कुठल्या गोनी? पडवीतल्या. यापलीकडे मी कुणाला एक अक्षर बोलले नाही. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघेतिघे आमच्या मागून चालायला लागले, गेटपर्यंत आले तेव्हा बरीच माणसं झाली होती. तुझ्या गेटवरच्या माणसानं आम्हाला अडवलं. सगुणाकाकी त्याला म्हणाली, "तुज्या शेठनी मागवल्यात. इचार त्याला फोन लावून." त्यानं फोन लावला नाही. गेट उघडलं.

तुझ्या माडांना अळी वाईट लागली आहे, दादा. मी प्रत्येक बुंध्यावर डबी टेकवून गोनी सोडल्या. त्या वास घेत क्षणभर थांबल्या आणि वर चढू लागल्या. मागून आलेली माणसं माना वर करून बघत होती. मी कंजुषी केली नाही. माझं भांडण माडांशी नाही.

महिन्याभरानं दुसऱ्यांदा सोडाव्या लागतील. त्या वेळी संदेशला पाठवू नकोस, त्याच्या तोंडात तुझं खोटं शोभत नाही. स्वतः ये. काकीच्या पडवीसमोर सकाळी माणसं उभी असतात, त्यांच्यात उभा राहा, आणि तुझा नंबर आला की सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण, 'नम्रता, ताज्या दे.' मी देईन.

नाही आलास तरी मी तुझ्या माडांना गोनी घालीन. बहीण मात्र तुला मिळणार नाही.

नम्रता